अनुमोदक: गुलाब मुलाणी

आमच्या गावाच्या तोंडाशी आता फायबरची कमान आहे. दोन बाजूंना दोन हत्ती, त्यातल्या एकाची सोंड पहिल्याच वर्षी खडीच्या ट्रकला लागून तुटली, आणि वर सोनेरी अक्षरांत लिहिलंय 'सुवर्णशिखर'. गावात सोनं म्हणाल तर बायकांच्या गळ्यात असेल तेवढंच. शिखर म्हणाल तर एक टेकाड, जिथं आम्ही लहानपणी सकाळी डबा घेऊन जायचो. त्या कमानीखालून जाताना मला थुंकावंसं वाटतं. थुंकत नाही, कारण ज्या ठरावानं हे नाव आलं तो ठराव माझ्या हातचा आहे. मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे.

माझं सांगत बसलो तर फक्त चिडचिड होईल. सांगायचंय ते गुलाबभाऊंबद्दल, ज्यांचं नाव त्या ठरावाखाली 'अनुमोदक' म्हणून लागलं.

आधी गावाचं नाव मुलाणमाळ. टाकवे बुद्रुकच्या पुढं, धरणाच्या अंगाला. नावात मुलाणी असला तरी गावात मुलाण्याचं घर एकच, गुलाबभाऊंचं. नाव कसं पडलं ते ते स्वतःच हसत सांगायचे. "आमच्या पणज्याला गावानं माळ दिला. का दिला? तर तितं कुसळंबी उगवत न्हवती. फुकट द्यायला काय जातंय!" पणज्यानं तिथं झोपडं घातलं, विहीर खणली, तिला पाणी लागलं. पाणी दिसल्यावर एकेक घर खालनं वर सरकलं, आणि हां हां म्हणता सगळं गावच माळावर येऊन बसलं. "म्हंजी बग दत्ता, जागा गावानं दिली आन् नाव आमी दिलं. फिट्टंफाट."

भाऊंची उभी हयात देहूरोडच्या लष्करी डेपोत गेली. कामशेतला लोकल धरायची, दिवसभर डेपोत पेट्या उचलायच्या. पुढं स्टोअरमध्ये त्यांना कागदपत्रांच्या कामावर घेतलं. चौथी शिकलेला माणूस तिथं एकच गोष्ट पक्की शिकला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि सही करण्याआधी कागदावर जेवढी मोकळी जागा असेल तिच्यावर तिरकी रेघ मारायची. "मोकळी जागा म्हंजी चोराला उघडं दार," असं म्हणत ते रेघ ओढायचे. ती रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ असायची. सहीसुद्धा तशीच, पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, एकही काना-मात्रा न सोडता. त्यांना सही करायला एक मिनिट लागायचं आणि ते मिनिटभर आपण गप्प उभं राहायचं.

निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसू लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लेंगा, आणि खिशात चष्मा. बँकेचा फॉर्म असो, रेशनचा असो, विम्याचा असो, बायाबापड्या तो घेऊन त्यांच्यापुढं बसायच्या. ते अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचे. 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' हेसुद्धा वाचायचे आणि म्हणायचे, "हे त्येंचं हाय, तुजं न्हाई, पर म्हाईत आसू दे." एकदा बचतगटाच्या बाया कंटाळून म्हणाल्या, भाऊ, अंगठा लावू द्या की, घरी भाकरी टाकायच्यात. भाऊ चष्म्यावरनं बघत म्हणाले, "भाकरी करपली तर दुसरी टाकशील. आंगठा काय परत घेता येतोय व्हय?"

या खोडीपायी त्यांनी भल्याभल्यांना रडवलंय. शरीफामावशींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, तळेगावात पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मावशी स्ट्रेचरवर, डॉक्टर हातमोजे घालून तयार, आणि भाऊ संमतिपत्र वाचतायत. तिसऱ्या कलमापाशी त्यांनी डॉक्टरांना बोलावून अर्थ विचारला. मग रेघ मारली, मग सही केली. मावशी आत जाता जाता म्हणाल्या, "माज्या निकाहनाम्यावरबी यानं अशीच रेघ मारलीती." परवापरवापर्यंत कुरिअरवाला पोरगा पार्सल घेऊन आला की मोबाइल पुढं करून म्हणायचा, बोटानं सही करा. भाऊ म्हणायचे, "आधी वर काय ल्हिलंय ते दाव." पोरगा म्हणायचा, वर काहीच नाही. "मग मी सही कशावर करू?" शेवटी तो पोरगा स्वतःच गिरगोटा काढून पळायला लागला.

भाऊ नावं बदलण्याच्या विरुद्ध होते असं कुणी समजू नये. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा सरकारी आदेश आला, तेव्हा ओढ्याकडच्या वस्तीतली माणसं त्यांच्याकडंच आली होती. त्या वस्तीचं नाव जातीवरनं होतं, आणि ते नाव घेताना आमच्या गावातल्या काही लोकांच्या आवाजात जी मस्ती यायची ती मी ऐकलेली आहे. भाऊंनी वस्तीतल्या घराघरात जाऊन विचारलं, कोणतं नाव पाहिजे. सगळ्यांचं एकमत झाल्यावर अर्जाचा मसुदा केला, वाचून दाखवला, खाली उरलेल्या जागेवर रेघ मारली. ते नाव महिन्याभरात लोकांच्या तोंडी बसलं. भाऊ म्हणाले, "ज्याला ते नाव टोचतंय त्यानं बदलावं. ज्याला टोचत न्हाई त्यानं मधी तोंड घालू नये."

त्याच आदेशाचा आमच्या सरपंचांनी काय उपयोग केला ते ऐका.

धरणाचं पाणी माळावरनं छान दिसतं हे लोणावळ्याच्या जमीन-एजंटांना उशिरा कळलं, पण कळलं. मग शनिवार-रविवारी चकचकीत गाड्या यायला लागल्या. कुसळंही न उगवणाऱ्या त्या माळाचे तुकडे पडले, त्यांना 'व्हिला प्लॉट' म्हणायला लागले. सरपंच त्या धंद्यात गळ्यापर्यंत होते. एकदा ते मला गाडीत घालून लोणावळ्याला एका हॉटेलात घेऊन गेले. समोर एजंट बसला होता, बोटांत अंगठ्या, कपाळाला टिळा, बोलणं अगदी मधाळ. तो म्हणाला, "जागा एक नंबर आहे हो. नावात अडतंय. पार्टी गाडीतून उतरते, पाणी बघते, खूश होते. मग गावाचं नाव विचारते. मुलाणमाळ म्हटलं की चेहरा बदलतो. तिकडं कोण राहतं, विचारतात. मी सांगतो, एकच घर आहे, म्हातारा-म्हातारी. तर म्हणतात, नाव तर सगळ्या गावाला आहे ना!"

सरपंच हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून मला माझी किळस येते. निघताना एजंटानं चिक्कीचे दोन डबे माझ्या हातात दिले, ते माझ्या पोरांनी दोन दिवसांत संपवले.

परत येताना खंडाळ्याकडनं येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत थांबलेलो असताना सरपंच म्हणाले, "दत्ता, मुलाणी ही जात आहे का नाही? जातिवाचक नाव बदलायचा आदेश आहे का नाही? मग आपण आदेशच पाळतोय." मी काही बोललो नाही. माझं गप्प बसणं त्यांनी होकार समजलं, आणि खरं तर तो होकारच होता.

आमच्याकडं ग्रामसभेची एक रीत आहे. सभेला कोरमला लागतात तेवढी माणसं कधीच येत नाहीत. मग नंतरचे दोन-चार दिवस मी वही घेऊन घरोघर फिरतो. लोक पानाच्या खालच्या अर्ध्या भागात हजेरीच्या सह्या करतात, वरचा भाग कोरा असतो, आणि मी सवडीनं त्यात ठराव उतरवतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पाणी, दिवाबत्ती, गटार, असले ठराव असतात, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. फक्त भाऊंच्या घरी मी कधी वही न्यायचो नाही. ते सभेला स्वतः यायचे, ठराव वहीत उतरले की पंचायतीत येऊन सगळे वाचायचे आणि मगच सही करायचे. त्या वेळची सभा जत्रेच्या आदल्या आठवड्यात झाली. नेमकं मावशींना बरं नव्हतं म्हणून भाऊ सभेतनं अर्ध्यातच उठून गेले.

सरपंच म्हणाले, "म्हाताऱ्याची सही सगळ्यात आधी घे. तीच महत्त्वाची."

भैरवनाथाच्या जत्रेचा पहिला दिवस गोडाचा, दुसरा तिखटाचा. तिखटाच्या दिवशी पहाटेपासून भाऊंना उसंत नसते. बकरं कापायचा मान मुलाण्याचा, त्यामुळं गावात भाऊंचा हात लागल्याशिवाय बकरं पडत नाही आणि मटण शिजत नाही. ज्यांच्या दारावर भगवे झेंडे आहेत त्यांचीही बकरी रांगेत असतात. देवळामागच्या आंब्याखाली ही रांग लागते आणि गावातल्या मोठमोठ्या असामी आपापलं दावं धरून भाऊंच्या पुढं उभ्या राहतात. देवाचा मानाचा नारळ भाऊंना मिळतो, तो ते डोक्याला लावून घरी नेतात.

मी वही घेऊन गेलो तो त्या रांगेतच. मुद्दाम गेलो असं म्हटलं पाहिजे. भाऊंचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले, चष्मा घरी, पुढं आठ-दहा बकरी, आणि लोक घाई करतायत. त्यांनी बादलीत हात धुतले, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले, आणि वहीकडं बघितलं.

"वर कोरं हाय रं."

"हजेरी हाय भाऊ. ठराव मागनं ल्हितो, नेहमीसारखा."

"कसला ठराव?"

"पाण्याच्या टाकीचा."

पाण्याच्या टाकीचा ठराव होता, ते खोटं नव्हतं. पहिला विषय तोच होता. भाऊंनी पेन घेतलं आणि रेघ मारायला हात वर नेला. मी वही जरा मागं घेतली. म्हणालो, "भाऊ, सरकारी वही हाय. रेघ मारली तर खाडाखोड धरत्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मागनं कुणीतरी ओरडलं, भाऊ, आटपा की. "तू हाईस म्हनून," असं म्हणून त्यांनी सही केली. घाईतही पूर्ण नाव लिहिलं. पानाच्या कडेला त्यांच्या बोटाचा ओला ठसा उमटला होता.

चार दिवसांनी सरपंचांच्या ओसरीवर बसून मी ठराव उतरवला. विषय एक, पाण्याची टाकी. विषय दोन, स्मशानभूमीचं शेड. विषय तीन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्यात नाव बदलण्याचा मजकूर सरपंचांनी सांगितला तसा घातला. सूचक म्हणून त्यांनी आपल्या चुलत्याचं नाव दिलं. अनुमोदक कोण, विचारलं तर म्हणाले, "मुलाणीच टाक. त्यांचंच नाव आहे, त्यांनीच सोडलं म्हटल्यावर वर कोण कशाला हरकत घेईल?" आणि स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले की आतून दुसऱ्यांदा चहा मागवला. मी तो प्यायलो.

हरकतींची नोटीस निघाली तेव्हा मी ती फलकावर सगळ्यात वर, दोन जुन्या कागदांमध्ये लावली. पण पंचायतीच्या फलकावरचा एकही कागद भाऊंच्या नजरेतून सुटत नाही. सकाळी दहाच्या सुमारास ते ओट्यावरनं उठले, चष्मा घातला आणि नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचू लागले. बाजूला चार बाया बसलेल्या. "...मौजे मुलाणमाळ हे नाव बदलून सुवर्णशिखर असे करण्यात यावे. सूचक..." ते वाचलं. "अनुमोदक, श्री. गुलाब..." तिथं आवाज थांबला. मी आत टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो. मग ते दारात आले.

"दत्ता, ह्यो गुलाब मुलाणी कोन रं? गावात मी येकलाच हाय."

मी म्हणालो, भाऊ, सरपंचांना विचारा.

"अक्षर तुजं हाय. सरपंचाला काय इचारू?"

मी उठून आतल्या कपाटाचं दार उघडलं आणि काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं. मी कपाट बंद करून वळलो तेव्हा ते निघून गेले होते.

त्यांनी हरकतीचा अर्ज स्वतः लिहिला. गावाचं नाव ठेवा, असं त्यात कुठंही लिहिलं नव्हतं. 'मी अनुमोदन दिलेले नाही, माझे नाव काढावे,' एवढीच मागणी होती. नाव राहील की जाईल हे गावानं ठरवावं, पण ते आपल्या सहीनं गेलं असं लिहिलेलं राहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तालुक्याच्या गावी सुनावणी लागली. सरपंच गाडीनं गेले, मी त्यांच्यासोबत. भाऊ एसटीनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

अधिकारी तरुण होता आणि वाईट नव्हता. त्यानं वही उघडून भाऊंच्या पुढं केली. "बाबा, ही सही तुमचीच ना?"

"माजीच हाय साहेब. पर मी हजेरीची केली. वर काय बी ल्हिलेलं न्हवतं. ह्यो दत्ता हितं हाय, त्यालाच इचारा. तो खोटं न्हाई बोलायचा."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. दारापाशी सरपंच उभे होते, तोंडात पान. माझी नोकरी दर वर्षी त्यांच्या शेऱ्यावर चालू राहते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, नुसतं सांगतोय.

मी म्हणालो, "ठराव सर्वांसमक्ष वाचून दाखवला होता, साहेब. मग सह्या घेतल्या."

अधिकाऱ्यानं पेन ठेवलं. "बाबा, वय झालं की विसरायला होतं," तो समजुतीनं म्हणाला. ज्या माणसाला पहिल्या पगारपत्रकावरच्या ओळीसुद्धा पाठ होत्या त्याला हे ऐकावं लागलं.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांच्या मागनं गेलो. का गेलो ते माहीत नाही. सरपंच मागनं हाक मारत होते. भाऊ थांबले, वळले नाहीत.

"माज्या सहीला आता काय किंमत ऱ्हायली न्हाई, दत्ता. तुज्या अक्षराला कवाच न्हवती."

माझ्याशी ते बोललेले शेवटचे शब्द हेच. त्यानंतर ते पंचायतीच्या ओट्यावर आले नाहीत. बाया फॉर्म घेऊन त्यांच्या घरी जायच्या, तर दारातूनच सांगायचे, "दुसऱ्या कुनाला दावा बाई. माजी सही खोटी निगाली." आता बाया माझ्याकडं येतात. मी सांगतो, हितं अंगठा लावा, आणि त्या लावतात. वर काय आहे ते त्या विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

पुढच्या जत्रेपर्यंत मंजुरी आली होती. देवळावर 'सुवर्णशिखर ग्रामस्थ आपले स्वागत करीत आहेत' असा फलक, त्यावर सरपंचांचा हात जोडलेला फोटो, आणि त्या फोटोखाली आंब्यापर्यंत बकऱ्यांची रांग. मला वाटलं होतं भाऊ येणार नाहीत, आणि त्यांनी येऊ नये असंही वाटत होतं. ते आले. सरपंचांचं बकरं तिसरं होतं. सरपंच दात काढून म्हणाले, "भाऊ, तुमच्याशिवाय गावाचं पान हलत न्हाई बघा." आजूबाजूचे हसले. ज्यांच्या गावाच्या नावात मुलाणी चालत नव्हता, त्यांच्या ताटात पडायच्या मटणाला मुलाण्याचाच हात लागत होता. यात काही विचित्र आहे असं त्या रांगेत एकालाही वाटलं नाही. भाऊंनी दावं हातात घेतलं. "द्येवाचं काम हाय," म्हणाले, "बाजूला व्हा." काम संपल्यावर पुजारी मानाचा नारळ द्यायला गेला तेव्हा ते हात धुऊन घरी निघून गेले होते. नारळ तसाच पायरीवर राहिला.

परवा मी कामशेतहून एसटीनं येत होतो. भाऊ टाकव्याला चढले. हातात औषधांची पिशवी होती. मावशींचं आता अंथरुणातच चाललंय. ते पुढच्या बाकावर बसले, मी दोन बाकं मागं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट फुकट असतं, पण मशीनमधून निघावं तर लागतंच. कंडक्टर मुलगी नवीन होती.

"कुठं, बाबा?"

"मुलाणमाळ."

तिनं मशीनवर बोट फिरवलं. "असा स्टॉप नाहीये हो. सुवर्णशिखर का?"

"न्हाई."

"मग कुठं उतरायचंय?"

"खिंडीचं दे."

खिंडीचा थांबा गावाच्या एक मोठ्ठा चढ अलीकडं आहे. तिथं घर नाही, टपरी नाही, झाडसुद्धा नाही. ड्रायव्हरनं आरशातनं मागं पाहत तिला सांगितलं, "हे बाबा दर वेळी खिंडीतच उतरतात. लय सांगून बघितलं." तिनं तिकीट फाडून दिलं आणि माझ्यापाशी आली.

"तुमचं?"

भाऊंपर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू बोललो. तिला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं आणि मला मोठ्यानं सांगावं लागलं, "सुवर्णशिखर." भाऊंची मान हलली नाही.

खिंडीत गाडी थांबली. ते दांडा धरून, एकेक पायरी सांभाळून उतरले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उन्हात चढाला लागले. गाडी त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. पाच मिनिटांत मी घरी होतो. बायकोनं चहा टाकला. चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला, तरी आमच्या दारावरनं जाणाऱ्या रस्त्याला ते अजून आलेले नव्हते.